नावं पुसण्याचं काम

वसईतल्या वालीव-सातिवलीच्या गाळ्यांसाठी मी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर लिहितो. ते बसवून झालं, चहा आला, की शेठ हमखास विचारतात, "हेच पेनड्राइव्हवर घेऊन मेव्हण्याच्या गाळ्यात टाकलं तर चालेल ना?" लायसन्स त्या मशीनला बांधलेलं असतं, त्यामुळे चालत नाही. मेव्हण्याची मला धास्ती नाही. धास्ती आहे ती मेव्हण्याच्या ओळखीतल्या इंजिनिअरिंगच्या पोराची.

माझा कोड सी-शार्पमधला. कंपायलर त्याचं थेट यंत्रभाषेत रूपांतर करत नाही. मधल्या आयएल भाषेत करतो, आणि तिथे क्लासची, मेथडची नावं जशीच्या तशी राहतात. असा कोड उलगडून दाखवणारं आयएलस्पाय हे टूल फुकट मिळतं. त्यात फाइल टाकली की जवळपास माझाच कोड समोर येतो. कॉमेंट्स तेवढ्या गेलेल्या. अँड्रॉइड अ‍ॅपची जॅडएक्स या तशाच टूलपुढे तीच गत. सी++ वाचायला अवघड, पण 2019 मध्ये अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने गिड्रा हे तसंच टूल सर्वांना मोफत दिलं आणि तीही अडचण बरीच हलकी झाली.

वसईत राहून किल्ल्याची उपमा न देणं कठीण, पण ती इथे उलटी पडते. 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेला तटाखाली सुरुंग पेरावे लागले. मी अख्खा किल्लाच पेनड्राइव्हवर घालून समोरच्याच्या हातात देतो.

म्हणून ऑबफस्केशन, म्हणजे कोड मुद्दाम दुर्बोध करणं. कोड देण्याआधी एका टूलमधून जातो. 'व्हेरिफाय लायसन्स'ची नुसती 'ए' होते. पॅरामीटर वेगळे असले की एकाच नावाच्या कितीही मेथड चालतात, म्हणून शेजारच्या डझनभर मेथडही 'ए'च होतात. 'लायसन्स संपलं' हा मेसेज एन्क्रिप्ट होतो, कारण फोडणारा सर्वांत आधी तोच शोधतो. दिवसभर ज्या नावांवर मी डोकं खाजवलं, उद्या दुसऱ्या कुणाला कोड कळावा म्हणून, ती सगळी संध्याकाळी मीच पुसायची. मला तरी याची अजून सवय झालेली नाही.

खरी कसरत मात्र काय पुसायचं नाही, हे ठरवण्यात आहे. बिलाच्या टेम्पलेटला 'जीएसटीआयएन' हे नाव हवं असतं. क्लासमध्ये त्याचं 'सी' झालं, की बिल छापलं जातं आणि नंबरची जागा कोरी राहते. प्रोग्राम चालू असताना जी नावं नावानेच शोधली जातात, ती हाताने यादीत घालून वाचवायची. शिवाय जुन्या-नव्या नावांची मॅपिंग फाइल प्रत्येक आवृत्तीची वेगळी जपायची. ती नसेल तर ग्राहकाकडून आलेला एरर रिपोर्ट मलाच वाचता येत नाही.

2001 मध्ये बोआझ बराक आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केलं, की कुठलाही प्रोग्राम संपूर्ण अपारदर्शक करणारी सर्वसाधारण पद्धत असूच शकत नाही. म्हणजे मी फक्त वेळ विकत घेतो. आणि त्या पोराला मी सरसकट चोर म्हणणार नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52, कायदेशीर प्रत हातात असणाऱ्याला, प्रोग्राममागच्या कल्पना समजून घेण्यासाठी तो अभ्यासायची मुभा देतं. दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घ्यायला लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती काढून घेण्याचीही. एका गाळ्यातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याचं वजन थेट माझ्या बिलात यावं म्हणून मीही एकदा त्या काट्याचं सॉफ्टवेअर उघडून बसलो होतो. नावं पुसलेली नव्हती. लिहिणाऱ्याचा हात फार सुबक होता.

गुपित म्हणावं असं आता मी ग्राहकाच्या मशीनवर ठेवतच नाही. लायसन्सवर सही सर्व्हर करतो, सहीची खासगी चावी तिथेच राहते. पण इंटरनेट गेलं म्हणून बिल अडून चालत नाही, ट्रक दारात उभा असतो. म्हणून सही केलेलं लायसन्स आठवडाभर ऑफलाइन चालू देतो. पोराने तपासणीच कापून टाकली तर? टाकेलही. मग जीएसटीचा पुढचा बदल आला, मी अपडेट काढलं, की त्याला पुन्हा पहिल्यापासून बसावं लागेल. तेव्हा 'ए' भलतीच कुणीतरी असेल.