कागद झेरॉक्सवाल्याचा, घर कुणाचं?

पोस्ट लांबलीय, पण पुढच्या महिन्यात आपल्या गावाशी संबंध येणार आहे म्हणून लिहितोय.

विकास आराखड्याच्या सुनावणीला मी पत्रकार म्हणून बसलो होतो. ओढ्याकाठच्या वस्तीतून दोनशेच्या वर हरकती आलेल्या. सगळ्यांचा मजकूर एकच, खाली नाव आणि सही-अंगठा तेवढा वेगळा. साहेबांनी गठ्ठा उचलला आणि म्हणाले, "ही एकच हरकत धरू." मागून एक मावशी उठल्या, "साहेब, कागद झेरॉक्सवाल्याचा असंल, घर तर माझं हाय ना?"

लोक हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी माझी बातमी: 'छापील हरकतींचा पाऊस, बोलविता धनी कोण?'

त्या बातमीची लाज मला उशिरा वाटली. 2015 साली नेट न्यूट्रॅलिटीसाठी ट्रायकडे दहा लाखांवर ईमेल गेले, त्यात एक माझा होता. मजकूर आयता होता, मी फक्त बटण दाबलं. मत मात्र माझंच होतं.

आता आराखड्यातल्या बदलांवर पुन्हा हरकती मागवणार आहेत, या वेळी ऑनलाइन. वस्तीतला एक संगणकवाला पोरगा मला म्हणाला, "भाऊ, एपीआय द्यायला लावा. सगळ्यांच्या हरकती पाच मिनिटांत टाकतो." एपीआय म्हणजे काय, तर संकेतस्थळाचं मागचं दार. तिथं माणूस बसून फॉर्म भरत नाही. एक प्रोग्राम नाव, पत्ता, मजकूर ठरलेल्या साच्यात पाठवतो आणि समोरून पोच येते.

पोराची मागणी चुकीची नाही. पण अमेरिकेत याच दारातून काय काय आत गेलं, तेही सांगायला हवं.

2017 मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, नेट न्यूट्रॅलिटीचे नियम काढायचं ठरवलं आणि लोकांची मतं मागवली. अध्यक्ष होते अजित पै, भारतातून गेलेल्या आईवडिलांचा मुलगा. मतं घ्यायला फॉर्म होता, एपीआय होता, गठ्ठ्याने भरायचीही सोय होती. जवळजवळ 2 कोटी 20 लाख मतं जमली. डिसेंबरात 3 विरुद्ध 2 मतांनी नियम गेले. न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांचा चौकशी अहवाल आला 2021 च्या मे महिन्यात. जवळपास 1 कोटी 80 लाख मतं बनावट! त्यातली 85 लाख ब्रॉडबँड कंपन्यांच्या पैशातून चाललेल्या मोहिमेची, खऱ्या माणसांची नावं त्यांना न विचारता वापरून. आणि उलट्या बाजूची 77 लाख एकट्या 19 वर्षांच्या कॉलेजच्या पोराची, नावं-पत्ते सगळे यंत्राने बनवलेले. म्हणजे दोन्हीकडून.

मला सगळ्यात लागली ती वेगळीच गोष्ट. बनावट मतांतल्या लाखोंचा मजकूर एकसारखा नव्हता. शब्द फिरवून, वाक्यांचे तुकडे अदलाबदल करून प्रत्येक मत वेगळं दिसेल असं केलेलं. आमच्या साहेबांची कसोटी तिथं लावली असती, तर ती मतं पास झाली असती आणि मावशी नापास.

तिथंही अनेक संस्थांनी खऱ्या लोकांची मतं एपीआयनेच पाठवली होती. दार ठेवण्यात चूक नाही. एपीआय वापरायला चावी लागते, पण ती चावी पाठवणाऱ्याची असते. ज्याच्या नावाने मत गेलं, त्याला विचारतच नाहीत. कित्येकांना आपलं नाव वापरलं गेल्याचं नंतर कळलं. काही नावं तर मेलेल्या माणसांची होती.

म्हणून सोमवारी मी मुख्याधिकाऱ्यांना लेखी विचारतोय: हरकत आली की त्या माणसाच्या मोबाइलवर मेसेज जाणार का? "ही माझी नाही" असं सांगायची सोय असणार का? आणि ज्याच्याकडे मोबाइलच नाही, त्याचा कागद घेणार ना?

ओढ्याकाठच्या ज्यांच्याकडे गेल्या वेळची पोच असलेली प्रत असेल, त्यांनी मला दाखवा. जुनी बातमी दुरुस्त करायची आहे. मावशींकडे मी स्वतः जाऊन येतो, त्या फेसबुकवर नाहीत.