डोंगळ्यांची राणी

पुण्यात पहिला दणदणीत पाऊस झाला की संध्याकाळी आमच्या सोसायटीत धांदल उडते. दिवे मालवा, खिडक्या लावा, ट्यूबखाली पाण्याची परात ठेवा! दिव्यावर झेपावणारे ते पंखवाले किडे बहुतेक वाळवीचे असतात. पण त्यांच्यात मुंग्याही असतात, आणि मी शोधते त्या याच. वाळवीला कंबर नसते, तिचे चारही पंख सारखे. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, पुढचे पंख मागच्यांपेक्षा लांब.

यंदा जिन्यात भिंतीच्या कडेने एक काळीभोर मुंगी लगबगीने चालली होती. दीड सेंटिमीटरहून मोठी, बिनपंखांची. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, डोंगळा आहे तो, दे झटकून."

डोंगळाच होता, पण राणी. मोठ्या कामकरी डोंगळ्याचं डोकं भलंथोरलं आणि छाती सडपातळ असते. हिची छाती उड्डाणाच्या स्नायूंनी फुगलेली होती. भिंगातून पाहिलं तर दोन्ही बाजूंना पंख गळल्याचे व्रण दिसले. कमरेला एकच गाठ, पाठीची कमान सलग गोलाई घेणारी, म्हणजे कॅम्पोनोटस प्रजातीची. पोटावर सोनेरी लव असती तर त्यातली सेरिसियस ही जात म्हटलं असतं. हिचा एकूण काळा रंग आणि आकार पाहता आपल्याकडे जागोजागी दिसणारी कॉम्प्रेसस हेच नाव मला पटलं. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियसने या जातीचं वर्णन १७८७ मध्येच करून ठेवलंय.

पंख गळले म्हणजे मीलन झालंच असं नाही. कोऱ्या राण्याही कधीकधी पंख टाकतात. खात्री पटते ती कामकरी मुंग्या जन्मल्यावरच, कारण न फळलेल्या अंड्यांतून नर निपजतात.

तिला उचलून आणलं आणि घर केलं, अगदी साधं. काचेच्या परीक्षानळीत तळाशी पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी, आणि तोंडाशी दुसरा सैल बोळा. ओलाव्याच्या बाजूला ती बसते. नळीभोवती काळा कागद गुंडाळून ती कपाटात ठेवली, जिथे दार आपटत नाही आणि मिक्सरचा हादरा पोहोचत नाही. खाणं काहीच दिलं नाही. ही राणी पहिली पिढी स्वतःच्या अंगावर वाढवते: आता निरुपयोगी झालेले पंखांचे स्नायू आणि साठवलेली चरबी जिरवून अळ्यांना भरवते. सारखं डोकावलं तर घाबरून अंडी खाऊन टाकते, म्हणून आठवड्यातून एकदाच, तेही लाल सेलोफेनमधून बघायचं. लाल उजेड मुंग्यांना फारसा जाणवत नाही.

आधी पांढऱ्या अंड्यांचा लहानसा पुंजका दिसला. ती तो चाटत असे, जबड्यात धरून जागा बदलत असे. मग अळ्या आल्या, मग बदामी कोश. लोक ज्यांना मुंग्यांची अंडी म्हणतात ते बहुधा हे कोशच. एके दिवशी तिने जबड्याने एक कोश फाडला आणि आतून फिकट, लुसलुशीत कामकरी मुंगी बाहेर ओढली. इतका आनंद मला फार थोड्या गोष्टींनी झालाय! राणी फळलेली होती.

या पहिल्या लेकी नेहमीपेक्षा बुटक्या असतात, आईच्या साठ्यात जेवढं पुरलं तेवढ्याच. त्या काळ्या पडून हिंडू लागल्यावर मी पातळ मधाचा थेंब आणि झुरळाच्या पिलाचा उकळलेला तुकडा आत सरकवला. त्या प्यायल्या आणि आईच्या तोंडाशी तोंड लावून तिला पाजू लागल्या.

नळीतलं पाणी आता संपत आलंय. राणीला झटकून बाहेर काढणार नाही. तोंडाशी तोंड जोडून नवी नळी लावायची, जुनी उजेडात ठेवायची. बिऱ्हाड त्या स्वतःच हलवतील.