बोलीचेही बियाणे राखा

माझे शिक्षण पश्चिम महाराष्ट्रात झाले, नोकरीचा बराचसा काळ मात्र वऱ्हाडात गेला. येथे आल्यावर पहिली शाळा शेतकऱ्यांनीच घेतली. आमच्याकडचा कुळव इकडे वखर झाला, पाभरीची तिफण झाली आणि कोळपणीची डवरणी. सभेत मी 'डवरणी' म्हणू लागलो, तशी पारावर मागे बसलेली मंडळी पुढे सरकून प्रश्न विचारू लागली.

कृषी महाविद्यालयात जमिनीतील ओलाव्यावर धडेच्या धडे वाचले होते. पाऊस उघडल्यावर जमीन पेरणीजोगी कधी होते, हे शेतकरी एका शब्दात सांगतो : वापसा. मूठभर माती दाबून गोळा करावा; बोटाच्या धक्क्याने तो सहज फुटला की वापसा आला. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव या एका शब्दात साठला आहे. ज्या मुलाच्या कानावर हा शब्दच पडला नाही, ते मातीत हात घालून काय पाहणार?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंदच आहे. पण पुस्तकी मराठीच्या पलीकडे वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी आहेत आणि डोंगरकपारीत त्याहूनही निराळ्या भाषा आहेत. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी, निहाली बोलणारे लोक राहतात. सारे मिळून दोन-अडीच हजार. कोरकू आणि मराठी या शेजारणींकडून तिने पुष्कळ शब्द घेतले, तरी तिचे मूळ कोणत्या भाषाकुळात आहे याचा उलगडा अभ्यासकांना अजून झालेला नाही. १९७१ पासून जनगणनेत दहा हजारांपेक्षा कमी लोकांची भाषा वेगळी दाखवीत नाहीत. म्हणजे अशी भाषा उद्या संपली, तरी सरकारी यादीतील आकडा हलायचा नाही!

ज्वारीचे गावरान वाण शीतगृहात ठेवता येते. तसे भाषेचेही शब्द ग्रंथात, ध्वनिफितीत ठेवता येतात आणि ते काम झालेच पाहिजे. पण वाण बदलत्या हवापाण्याला सरावते ते शेतात, दरसाल पेरल्यावर. भाषाही घरात, चुलीपाशी आणि बांधावर बोलली गेली तरच जगते.

मुलांना शाळेतील मराठी चांगली यावी, इंग्रजीही यावी. कपाशीत तुरीच्या ओळी घेतल्या म्हणून कपाशी बुडत नाही. तशी एका मुलाच्या तोंडी तीन भाषा सुखाने नांदतात.

तेव्हा माताभगिनींनो, या सुटीत मुलांना आजी-आजोबांजवळ बसवा. गवताची, पाखरांची, मातीची, अवजारांची नावे त्यांच्याकडून वहीत लिहून घ्या. आणि पाहुण्यांसमोर मूल घरची बोली बोलले, तर त्याला डोळ्यांनी दटावू नका. बोलू द्या.