कोरीटच्या रस्त्यावर

नंदुरबारच्या कोरीट नाक्यावरून भाच्याच्या जुन्या स्विफ्टने कोरीटला निघालो. त्याने सायलेन्सर बदललेला, बॉनेटखाली शंकूसारखा उघडा एअर फिल्टर बसवलेला. "मामू, आता पिकअप बघा!" मला तर आवाजच ऐकू आला. मिरची वाळवायच्या पथारीवरच्या बाया वळून पाहू लागल्या.

गावाअलीकडे समोरून बैलगाडी आली. बैल बुजले, म्हातारा गाडीवान कासरा ओढत उभा राहिला. भाच्याने ब्रेक दाबला, पण रस्त्यावरच्या मातीवर गाडी घसरत पुढे जाऊनच थांबली. उतरून पाहिले, तर टायरची नक्षी पार झिजलेली. सगळा पैसा गेला होता आवाजावर!

उघडा फिल्टर इंजिनाजवळची तापलेली हवा ओढतो. तापलेली हवा विरळ असते, म्हणून ताकद वाढायच्या ऐवजी घटूही शकते. त्यात आपल्याकडची धूळ. शिवाय कायद्यात न बसणारा असा बदल केला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे मी सांगितले, पण त्याचे लक्ष बैलांकडे होते. गाडीवानाजवळ जाऊन तो म्हणाला, "माफ करा, बाबा."

कोरीटहून परतताना बराच वेळ गप्प होता. मग हळूच विचारले, "मामू, चार टायर केवढ्याला पडतील?"