पुण्याचा आहेस ना, मग सांग!

इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नमध्ये ‘तू मूळचा कुठला?’ असं कुणी विचारलं की मी आधी घड्याळ बघतो. वेळ नसेल तर ‘मुंबईच्या बाजूचा’ म्हणून सुटका करून घेतो, कारण खरं उत्तर दिलं की पंधरा मिनिटं गेलीच म्हणून समजा. या गावात पुणे हे नाव टॅक्सीवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना माहीत आहे, आणि ते शनिवारवाड्यामुळे नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीजने ब्लॅकबर्न रोव्हर्स हा इथला फुटबॉल क्लब विकत घेतला. तेव्हापासून इथल्या माणसाच्या लेखी पुणे म्हणजे जिथे आपल्या क्लबचं भवितव्य ठरतं आणि जिथून काहीच कळत नाही, असं एक गाव.

नोकरीनिमित्त लँकेशायरला आल्यावर मी ईवूड पार्कवर, म्हणजे रोव्हर्सच्या मैदानावर, सीझन तिकीट काढलं. शेजारच्या खुर्चीत एक निवृत्त आजोबा बसतात. रोव्हर्सची स्थापना १८७५ ची, १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांत तो होता, ही माहिती मला त्यांच्याकडून पहिल्याच दिवशी, न मागता मिळाली. १९९५ मध्ये रोव्हर्सने प्रीमियर लीग जिंकली ती लिव्हरपूलच्या मैदानावर शेवटचा सामना हरून, कारण तिकडे मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमविरुद्ध जिंकता आलं नाही. आजोबा त्या दिवशी तिथे होते. संघावर पैसा ओतणारे जॅक वॉकर ब्लॅकबर्नचेच, पोलादाच्या धंद्यातले. ‘आमचा मालक आम्हाला बाजारात भेटायचा,’ हे आजोबांचं ठरलेलं वाक्य. ते म्हणून झालं की माझ्याकडे एक कटाक्ष.

मग त्यांची प्रश्नपत्रिका सुरू होते. ‘तू पुण्याचा आहेस ना, मग सांग. यांचा विचार काय आहे? विकणार की ठेवणार?’ मला काय कपाळ माहीत असणार! मी पुण्यात वाढलो म्हणजे कंपनीच्या मीटिंगला बसत होतो असं नाही. पण नकार दिला की त्यांना वाटतं, पोरगा काहीतरी लपवतोय.

या धास्तीला कारणं आहेत. ७ मे २०१२ च्या सामन्याची गोष्ट ते दर मोसमात एकदा तरी सांगतात. समोर विगन, जिंकणं भाग. त्या सामन्यात कुणीतरी रोव्हर्सच्या निळ्या-पांढऱ्या रंगात गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली. मालक कोंबडीच्या धंद्यातले, त्यावरचा हा राग. शेवटच्या काही मिनिटांत विगनने गोल केला आणि अकरा वर्षांनी रोव्हर्स प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. बरोबर पाच वर्षांनी, ७ मे २०१७ ला, संघ ब्रेंटफर्डमध्ये ३-१ असा जिंकला आणि तरीही गोलफरकावर तिसऱ्या पायरीवर घसरला. प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबवर ती पाळी पहिल्यांदाच आली होती. पुढच्याच वर्षी तो वर आला, हेही खरं. पण जिंकूनही बुडालेल्या माणसाला गुणतक्त्यातल्या कुठल्याच जागेवर गाढ झोप लागत नाही. संघ सातव्या क्रमांकावर असला तरी आजोबा वरचे सहा बघत नाहीत. तळाच्या तिघांपासून आपण किती गुण लांब आहोत ते मोजतात.

आणि मालक कंजूष आहेत असंही म्हणता येत नाही. त्यांनी या क्लबमध्ये आजवर वीस कोटी पौंडांहून जास्त रक्कम घातली आहे. पैसा येतो, पण तो कुठवर येणार, कशासाठी येणार आणि संघाचं पुढे काय करायचं ठरलंय, हे कुणी उभं राहून सांगत नाही, अशी चाहत्यांची तक्रार. त्यात २०२३ पासून नवंच प्रकरण उपटलं. भारतातल्या एका तपासामुळे क्लबला पैसे पाठवण्यासाठी कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली, आणि पाठवायच्या रकमेएवढी बँक गॅरंटीही. झालं! स्टँडमध्ये ऑफसाइडइतकीच चर्चा सुनावणीची व्हायला लागली. ‘पुढची तारीख पडली म्हणजे नक्की किती दिवस?’ आजोबांनी मला मध्यंतराच्या चहाला विचारलं. आमच्याकडे जमिनीच्या खटल्यात आजोबाने लावलेल्या दाव्याचा निकाल नातू ऐकतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. जानेवारीची ट्रान्सफर विंडो महिन्याभराची असते हे मलाही कळत होतं.

त्याच मोसमात ॲडम व्हॉर्टन गेला. ब्लॅकबर्नचाच, क्लबच्या अकॅडमीत घडलेला मुलगा. १ फेब्रुवारी २०२४ ला, विंडो बंद व्हायच्या दिवशी, तो क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. त्याच दिवशी डंकन मॅग्वायर हा अमेरिकन स्ट्रायकर उसना येणार होता, तो व्यवहार कागदपत्रांच्या घोळात अडकला आणि फिसकटला. आठवडाभरात मॅनेजर यॉन डाल टोमासन यांनीही निरोप घेतला. त्यांच्या जागी आले जॉन युस्टेस.

युस्टेस यांची हकिगत मालकांच्या योजनांवरचा धडाच आहे. ऑक्टोबर २०२३ पर्यंत ते बर्मिंगहॅम सिटीचे मॅनेजर होते आणि संघ सहाव्या क्रमांकावर होता. पण बर्मिंगहॅमचे अमेरिकन मालक नवे होते, मोठी स्वप्नं घेऊन आले होते आणि ती जाहीरपणे सांगतही होते. त्यांनी युस्टेसना काढून वेन रूनीला आणलं. पंधरा सामन्यांत रूनी गेला आणि संघ पार खाली घरंगळला. म्हणजे आमच्याकडे मालक बोलत नव्हते म्हणून लोक घाबरलेले, आणि तिकडे मालक बोलले ते करून बसले.

४ मे २०२४, मोसमाचा शेवटचा दिवस, आणि रोव्हर्सवर पुन्हा घसरणीची टांगती तलवार. आम्ही लेस्टरला गेलो. लेस्टर आधीच विजेते झालेले, त्यांच्याकडे जल्लोष. आमच्या कोपऱ्यात प्रत्येकाच्या हातात फोन. मैदानावरच्या खेळाकडे अर्धंच लक्ष, बाकीचं प्लिमथ आणि बर्मिंगहॅमच्या स्कोअरवर. आजोबांना फोन वापरायचा कंटाळा, म्हणून ते दर दोन मिनिटांनी माझ्या बाहीला झटका द्यायचे. कुठे गोल पडला की तक्ता बदलायचा, मी नवा क्रमांक सांगायचो, ते डोळे मिटून मान हलवायचे. सॅमी झ्मोडिक्सने दोन गोल केले आणि रोव्हर्स ५३ गुणांवर एकोणिसावा येऊन वाचला. बर्मिंगहॅम आपला सामना जिंकूनही ५० गुणांवर घसरला. त्यांनी काढून टाकलेल्या माणसाने आम्हाला तारलं होतं. परतीच्या बसमध्ये मात्र बर्मिंगहॅमला कुणी हसलं नाही. जिंकून घसरणं काय असतं, हे त्या बसमधल्या लोकांना चांगलं माहीत होतं.

रात्री मंचरला मामाला फोन केला. मामाचा अंड्यांच्या कोंबड्यांचा फार्म. वेंकीजचे संस्थापक बी. व्ही. राव यांचं नाव तो आदराने घेतो, कारण १९८२ मध्ये त्यांनी पुढाकार घेऊन एनईसीसी ही अंडी उत्पादकांची संघटना उभी केली आणि अंड्याचा भाव जाहीर करण्यात उत्पादकाला आवाज मिळाला. मी त्याला दिवसभराची कथा सांगितली.

‘खाली गेले असते म्हणजे काय? क्लब बंद पडला असता?’

‘नाही मामा, खालच्या लीगमध्ये खेळले असते.’

‘परत वर येता येतं?’

‘येतं की.’

‘मग एवढं रडायचं काय त्यात?’

मी त्याला टीव्हीच्या पैशाचं गणित समजावलं: घसरण झाली की उत्पन्न आटतं, चांगले खेळाडू विकावे लागतात, ऑफिसातल्या माणसांच्या नोकऱ्या जातात. पण त्याचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये रोव्हर्सचा संघ पुण्याला आला होता. बालेवाडीच्या स्टेडियममध्ये मी होतो, आणि अर्थातच पुणे एफसीच्या बाजूने ओरडत होतो. रोव्हर्स ३-० असा जिंकला. पुढे पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला, आणि २०१५ मध्ये गुंडाळला गेला. मग एफसी पुणे सिटीचा जोर होता. तो आयएसएलमध्ये खेळायचा, तिथे तेव्हा रेलिगेशन, म्हणजे खालच्या लीगमध्ये घसरणं, ही भानगडच नव्हती. २०१९ मध्ये तोही संपला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. दोन्ही क्लब तक्त्यातल्या जागेमुळे गेले नाहीत. बालेवाडीच्या त्या सामन्यातला जिंकलेला क्लब त्यानंतर दोनदा घसरला, पण आजही दर आठवड्याला खेळतो. हरलेल्या क्लबचा सामना बघायला जायचं म्हटलं तर जाणार कुठे?

पुढच्या सामन्याला मी हे आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘बरी.’ ईवूडपासून गाडीने अर्ध्या तासावरचा हा क्लब १८८५ चा. मालकाला पैसा कुठून येणार हे दाखवता आलं नाही म्हणून ऑगस्ट २०१९ मध्ये तो लीगमधून काढला गेला. ‘आम्ही रेलिगेशनच्या नावाने ओरडतो, कारण तक्ता दिसतो,’ आजोबा म्हणाले. ‘पोटात गोळा येतो तो बरी आठवलं की.’ त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी मला मालकांबद्दल काही विचारलं नाही.

खाली जाणं खेळात लिहिलेलंच आहे, दरवर्षी कुणीतरी तीन जाणारच. चाहता ते शिव्या घालत का होईना, सोसतो. त्याला कळायला हवं असतं ते एवढंच, की घसरलो तर उद्या क्लबचे पगार कोण देणार आणि हे कुणी ठरवून ठेवलंय का. इंग्लंडमध्ये जुलै २०२५ मध्ये यासाठी कायदाच झाला. वरच्या पाच पायऱ्यांवरच्या क्लबांना आता स्वतंत्र नियामकाकडून परवाना घ्यावा लागणार, मालकांची तपासणी होणार, आर्थिक योजना दाखवावी लागणार, महत्त्वाच्या निर्णयांत चाहत्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागणार. मी मोठ्या उत्साहाने हे सगळं आजोबांना वाचून दाखवलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘कायदा झकास आहे. त्यात एखादा स्ट्रायकर मिळतो का, तेवढं बघ.’