दोरी, हँडल आणि ड्रिल

माझी अक्का बालाघाटला दिली आहे. मिरजेला महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसायचे, गोंदियाला उतरायचे आणि पुढे दुसऱ्या गाडीने बालाघाट. तिथली मराठी हिंदीच्या मांडीवर वाढलेली. भाचा मला ‘मामाजी’ म्हणतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर, भंडारा मुंबई राज्यात आले आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिले. त्याच दिवशी आपले बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्यामुळे घरात दोन भाषा नांदवण्याचे अक्काला काही नवीन वाटले नाही.

गेल्या दिवाळीत अप्पांना घेऊन गेलो होतो. भाच्याच्या कपाटावर एक खेळण्यातला ट्रक धूळ खात पडलेला दिसला. काकाने परदेशातून आणलेला, रिमोटवर चालणारा, पण बॅटरीचा नव्हे. त्यात अडीच सीसीचे खरे इंजिन! मेथॅनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांच्या मिश्रणावर चालणारे. (लूनाच्या पेट्रोलमध्ये ऑइल घालायचो, तसेच हे तेल इंधनाबरोबर जळते.)

“चालवत का नाहीस रे?” मी विचारले.

“दोरी ओढता येत नाही, मामाजी.”

जन्मापासून त्याच्या उजव्या हाताला जोर कमी आहे. रिमोट डाव्या हातात धरून उजव्याने चाक फिरवणे जमते. पण एका हाताने ट्रक दाबून दुसऱ्याने दोरीला झटका देणे जमत नाही. आधी दाजी ओढून द्यायचे. मग त्यांची खाणीतली पाळी बदलली आणि ट्रक कपाटावर गेला. “प्रत्येक वेळी पप्पांना कशाला उठवू?” असे तो म्हणाला, तेव्हा अक्का आत निघून गेली.

दोरीऐवजी ड्रिलने इंजिन फिरवायचा संच मिळतो, हे मला ठाऊक होते. तो मागवला. अप्पांना मात्र हे पसंत नव्हते. १९७४ च्या उन्हाळ्यात विहिरीवरचे डिझेल इंजिन सुरू करताना हँडल उलटे आले आणि त्यांचा अंगठा मोडला. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हे ते पुढे गावभर सांगत. त्या दिवशी घाईत स्वतःच विसरले होते. अंगठा आजही वाकडा आहे. मोटारींनाही पूर्वी हँडलच मारावे लागे, कित्येकांचे मनगट त्यात गेले. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा स्टार्टर आला, तेव्हा कुठे ती भीती सरू लागली. आमच्या विहिरीवर तो कधीच आला नाही.

“उलटं मारलं तर? पोराचा एकच हात धड आहे,” अप्पा म्हणाले.

मी त्यांना ड्रिलच्या तोंडाजवळचे आकड्यांचे कडे दाखवले. ते कमी आकड्यावर ठेवले की इंजिन अडकल्यास ड्रिल नुसते घसरते, मनगट पिळत नाही. शिवाय मधले बेअरिंग एकाच दिशेने पकडते. इंजिन सुरू झाले की सळई आपोआप मोकळी. अप्पा ऐकत होते, पण चेहरा तसाच.

चार स्क्रू काढून दोरीची पेटी सोडवली. नव्या झाकणातल्या दांड्याची खाच क्रँकच्या पिनेवर नेमकी बसावी लागते. ती बसेना. तसेच स्क्रू आवळले असते तर झाकण फुटले असते. तेवढ्यात अप्पा खुर्ची ओढून जवळ आले, चष्मा काढला आणि डोळे मिटून बोटांनी चाचपू लागले. “निधान... निधान... हां, बसली बघ.”

“निधान म्हणजे?” भाच्याने विचारले.

“सावकाश. तुझ्या आईला विचार, विसरली नसेल तर.”

पहिला प्रयत्न अप्पांनी स्वतः केला. ड्रिल टर्र टर्र करून घसरले. इंधन जास्त झाल्याने पिस्टन अडकला होता. ग्लो प्लग काढून इंजिन फिरवले, तसा आतला फवारा थेट अप्पांच्या धोतरावर! अक्काने कपाळाला हात लावला. मेथॅनॉल विषारी, मी आधी त्यांना धोतर बदलायला आणि पाय धुवायला पाठवले.

मग प्लग परत बसवून त्यावर दीड व्होल्टचा इग्नायटर लावला. प्लगमधली तार तापली, की इंजिन ठिणगीशिवाय पेटते. आता भाच्याची पाळी. उजव्या कोपराने त्याने ट्रक दाबून धरला, डाव्या हातात ड्रिल. अप्पांनी वाकून आधी त्याचा अंगठा पाहिला.

दोन सेकंद घरघर आणि मग असा कर्कश आवाज, की शेजारच्या काकू गच्चीवर आल्या. अंगणात निळसर धूर. दाजी रात्रपाळीचे झोपलेले, तेही लुंगी सावरत बाहेर आले. पोराने त्यांच्याकडे पाहिले आणि ओरडला, “पप्पा, तुम्ही झोपा!”

टाकी संपेपर्यंत ट्रक तुळशीभोवती फिरत राहिला. इंधन भरण्याचे काम मोठ्यांनीच करायचे असे ठरले आहे, म्हणून बाटली घेऊन तो दाजींकडे गेला.

“साकु,” अप्पा म्हणाले. भाच्याने या शब्दाचा अर्थ मात्र विचारला नाही.