दगडांवरचे आकडे

स्पेनमधल्या सान्तियागोच्या पदयात्रेच्या वाटेवर सारियाहून पोर्तोमारिन साधारण २२ किलोमीटर. वाटेत फेरेइरोसच्या आसपास ‘१०० किमी’चा दगड लागतो, तिथे फोटोसाठी झुंबड. सान्तियागोला यात्रेचं प्रमाणपत्र हवं तर निदान १०० किलोमीटर तरी पायी यावं लागतं, त्यामुळे पुष्कळ जण सारियालाच चालायला लागतात. फ्रान्सच्या सीमेपासून महिनाभर तंगडतोड करून आलेले त्यांच्या कोऱ्या बुटांकडे बघतात, ती नजर अगदी ओळखीची वाटली.

*

पोर्तोमारिन गावात शिरायला मिन्यो नदीवरचा उंच, लांबलचक पूल. तो ओलांडला की समोर दगडी जिना. पायांना फोड आलेल्या माणसापुढे जिना! हा जिना जुन्या पुलाच्या उरलेल्या कमानीवर चढतो म्हणे. हे कळल्यावर शिव्या थोड्या आवरल्या.

*

जुनं गाव पाण्याखाली आहे. १९६३ साली बेलेसार धरण झालं आणि गावठाण टेकडीवर आलं. नदीकाठची शेतं गेली, द्राक्षमळे गेले. नवं गाव नीटनेटकं, कमानींचं, पांढरंशुभ्र. जरा जास्तच नीटनेटकं.

*

सान निकोलासचं चर्च मात्र सोबत आणलं. सेंट जॉनच्या पंथाच्या धर्मयोद्ध्यांनी बांधलेलं, चौकोनी, वर कंगोरे. देऊळ कमी, गढी जास्त. दगड न् दगड सुटा केला, प्रत्येकावर आकडा घातला आणि वर नेऊन पुन्हा रचला. ते आकडे अजून दिसतात. मी भिंतीला नाक लावून शोधले. एक फिकट, पण वाचता येणारा. शेजारचा पावसाने निम्मा खाल्लेला. बोट फिरवून बघितलं, कळेना.

घरांच्या दगडांवर कुणी आकडे घातले नसावेत.

*

यात्रेच्या पासपोर्टवर दोन शिक्के झाले. शेवटच्या टप्प्यात दिवसाला दोन लागतातच. बदामाचा केक खाल्ला, तोही दोनदा. त्याला शिक्का नाही.

*

धरणाचं पाणी उतरलं की जुन्या भिंती, पुलाचे अवशेष उघडे पडतात. मी गेलो तेव्हा तलाव तुडुंब होता. बारमधल्या म्हाताऱ्या मालकांना मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, जुनं गाव नेमकं कुठे? त्यांनी पेला पुसता पुसता फडक्यासकट हात खिडकीबाहेर केला, खाली पाण्याकडे. मग तोच पेला भरून माझ्यापुढे ठेवला.